मागे पडलेली विमा शाखा हाती घेण्याआधी

पहिले दोन आठवडे काहीही बदलायचं नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. नवा शाखाधिकारी आल्या आल्या टेबलं हलवतो, कामाची वाटणी फिरवतो आणि महिन्याभरात जुनीच अडचण नव्या कोपऱ्यात जाऊन बसते. तेव्हा आधी मोजदाद. प्रलंबित प्रस्ताव, म्हणजे नव्या पॉलिसीसाठी आलेले अर्ज, किती आणि त्यातला सर्वांत जुना कोणत्या तारखेचा, निकाली न निघालेले दावे किती, येत्या 60 दिवसांत किती पॉलिसींचे हप्ते येणार, एवढं सिस्टीममधून काढून ठेवा. सरासरीपेक्षा सर्वांत जुनी तारीख जास्त बोलते.

मग एक हिशेब करा. 1961 साली जॉन लिटल यांनी गणिताने सिद्ध केलेला नियम इथे फार उपयोगी पडतो. आवक-जावक साधारण सारखी असेल, 120 प्रस्ताव पडून असतील आणि दिवसाला 10 निकाली निघत असतील, तर एका प्रस्तावाला सरासरी 12 दिवस लागणारच. मागे लागून, फोन करून ते कमी होत नाहीत. रोजची जावक वाढवावी लागते किंवा एका वेळी अडकून राहणाऱ्या फायली कमी कराव्या लागतात.

जावक कुठे अडते हे पाहायला एक फाईल निवडा आणि तिच्याबरोबर टेबलाटेबलावर फिरा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. मी एका शाखेत असा एक प्रस्ताव सुरुवातीपासून धरला होता. त्यावर प्रत्यक्ष हात चालला चाळीसेक मिनिटं आणि शाखेत तो राहिला अकरा दिवस. त्यातले सहा दिवस वयाच्या दाखल्याची वाट पाहण्यात गेले. दाखला एजंटने पहिल्याच दिवशी काउंटरवर दिला होता, पण तो दुसऱ्याच अर्जाला टाचला गेला होता. तिथलं कोणीही आळशी नव्हतं. सगळे दिवसभर मान वर न करता काम करत होते, आणि त्यातलं बरंचसं काम परत आलेल्या फायलींचं होतं.

म्हणून त्रुटीसाठी परत आलेल्या शेवटच्या 100 फायली काढा आणि प्रत्येकीचं कारण एका ओळीत लिहा. रिकामी सही, नॉमिनीचं नातं न लिहिलेलं, खात्याचा क्रमांक चुकलेला, आरोग्याच्या प्रश्नापुढे नुसती रेघ. बहुतेक वेळा चार-पाच कारणांतच निम्म्याहून जास्त फायली सामावतात. त्याच कारणांचा एक पानी तपासणी तक्ता करून काउंटरवर ठेवा आणि एजंट समोर बसलेला असतानाच अर्ज तपासा. दोन मिनिटं तिथे घातली की पुढचे पाच दिवस वाचतात. एजंटांना हे आधी बोलावून सांगा. अचानक अर्ज परत दिला की त्यांना अपमान वाटतो, आणि तो वाटू नये.

दाव्यांची रांग प्रस्तावांपासून वेगळी करा. मृत्यूच्या दाव्यासाठी आलेल्या माणसाला आज हा कागद, परवा तो कागद असं तीनदा बोलावणं मला आजही असह्य वाटतं. सगळ्या कागदांची पूर्ण यादी पहिल्याच भेटीत लेखी द्या. खाली एकाच कर्मचाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिहा. ही यादी आजच तयार ठेवता येते, त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

नूतनीकरणाकडे मात्र मागे पडलेल्या शाखा शेवटी वळतात. आयुर्विम्यात कमिशन, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रं हा खर्च सुरुवातीलाच होऊन जातो. पॉलिसी वर्षभरात बंद पडली तर तो वसूल होईलच असं नाही, आणि कुटुंबाचं विम्याचं संरक्षण जातं ते वेगळंच. तेराव्या महिन्याचा हप्ता आला का, हे म्हणूनच वेगळं पाहतात. देय तारखेप्रमाणे यादी लावा, रोज सकाळचा एक तास एका माणसाला फक्त फोनसाठी द्या, आणि फोन तारखेच्या आधी गेला पाहिजे.

सह्यांचे अधिकार कोणाकडे आहेत आणि तो माणूस रजेवर असताना कोणाकडे जातात, हे लिहून घ्या. स्कॅनर, प्रिंटर, लॉगिन एकदा तपासून टाका. काउंटरवर सर्वांत जुना जो कर्मचारी असेल त्याच्याजवळ अर्धा तास बसा. काम कुठे तुंबतं हे त्याला ठाऊक असतं, बहुधा त्याला कोणी विचारलेलं नसतं.

उद्दिष्टही आधीच ठरवा. नुसते दाखल झालेले प्रस्ताव मोजले तर महिनाअखेरीला अर्धवट अर्ज आत ढकलले जातात. मोजायचे ते पहिल्याच फेरीत त्रुटीशिवाय पार पडलेले. तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी फळ्यावर तीनच आकडे लिहा: पडून असलेले, काल निघालेले, त्रुटीसाठी परत गेलेले. बदलही त्या दिवशी एकच करायचा, काउंटरवरचा तक्ता. टेबलं आहेत तिथेच राहू द्या.