‘पित्त’ म्हणून सोडून देण्यापूर्वी: पोटाच्या तक्रारींची तपासणी केव्हा करावी?

छातीत जळजळले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो आणि शौचातून रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. मात्र एकदा दुखण्याला नाव मिळाले की पुढची चौकशी थांबते, आणि खरा घोटाळा तेथेच होतो.

प्रथम, तातडीच्या खुणा ओळखाव्यात. रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे व चिकट शौच, लाकडासारखे कडक झालेले पोट, किंवा उलट्या होत असताना वारा व शौच दोन्ही बंद होणे, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, बीटाने लालसर, पण शंका असल्यास स्वतःची समजूत घालत बसू नये.) छातीत दाब येऊन घाम फुटत असेल, तर ते पित्त नसून हृदयविकार असू शकतो.

त्यानंतरच्या खुणा काही दिवसांत डॉक्टरांना दाखवाव्यात: घास अडकणे, कावीळ, हिमोग्लोबिन कमी भरणे, दुखण्याने रात्री जाग येणे, शौचातून पुन्हापुन्हा रक्त जाणे, शौचाची सवय बदलून तीन आठवडे तशीच राहणे. वजनाचे गणित सोपे आहे: 60 किलोच्या माणसाचे प्रयत्नांशिवाय सहा महिन्यांत तीन किलो घटले, तर कारण शोधलेच पाहिजे. सोबत संध्याकाळी ताप येत असेल, तर आतड्याचा क्षयरोगही असू शकतो. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असल्यास ते आवर्जून सांगावे.

यांपैकी काहीच नसेल, तरच दोन आठवडे वहीत नोंद ठेवावी: काय खाल्ले, केव्हा दुखले, कोणत्या गोळ्या घेतल्या. गुडघेदुखीची गोळी लिहायला लोक हमखास विसरतात, आणि जठरात व्रण पाडणारी नेमकी तीच असू शकते.

शेवटी, ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. यकृत, पित्ताशयातील खडे तिच्यात चांगले दिसतात. जठराच्या व आतड्याच्या आतले अस्तर मात्र दुर्बिणीनेच नीट पाहता येते. ती तपासणी डॉक्टरांनी सुचवली, तर पित्ताची व रक्त पातळ करणारी कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे त्यांनाच विचारावे. मनाने काहीही बंद करू नये.