नानकटाईचा भुगा आणि मैद्याचं माप

दोन दिवाळ्या माझी नानकटाई उचलताच भुगा व्हायची. कृती साधीच: दोन कप मैदा, एक कप पिठीसाखर, एक कप तूप. मी आपली तुपाला दोष देत बसले.

यंदा जाऊबाईंनी डिजिटल काटा आणला, म्हणून सहज तोलून बघितलं. डब्यात कप खुपसून, काठाशी दाबून भरला (माझी नेहमीची सवय!) तर मैदा १५२ ग्रॅम. तोच चाळून, चमच्याने हलकेच कपात सोडला, वरून सुरीच्या पाठीने सपाट केला, तर १२०. दोन कपांमागे ६४ ग्रॅम जास्त, म्हणजे अर्ध्या कपाहून अधिक पीठ मी फुकट कोंबत होते. तूप बिचारं काय करणार?

मग घरची वाटी काट्यावर ठेवून शून्य केलं आणि काठोकाठ पाणी ओतलं. १८० ग्रॅम, म्हणजे वाटी १८० मिलीची. २४० मिलीच्या कपात १२० ग्रॅम मैदा, तर या वाटीत ९०. रव्याला मात्र हा हिशोब चालत नाही, तो कपात १६५-१७० ग्रॅम भरतो.

सासूबाई अजूनही अंदाजानेच घेतात आणि त्यांची कधी बिघडत नाही, ते सोडा. मी फडताळाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: ‘मैदा, वाटी ९०. दाबू नये.’