क्लोझापिनवरचा पेशंट आणि फिट: वॉर्डात नव्याने आलेल्यांसाठी

मानसोपचाराच्या वॉर्डात फिटची धास्ती सगळ्यात जास्त क्लोझापिनची, म्हणजे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाची. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन या त्याच गटातल्या औषधांना हा धोका बराच कमी. क्लोझापिनचं गणित डोसवर चालतं: रोजचे ३०० मिग्रॅ होईपर्यंत साधारण १ टक्का, ६०० च्या वर गेलं की ४ टक्क्यांहून थोडं जास्त.

सुरुवात १२.५ मिग्रॅने, मग सोसेल तसे रोज २५ ते ५० मिग्रॅ वाढवायचे. ४८ तासांहून जास्त खंड पडला असेल तर परत १२.५ पासून. घरी जाऊन आलेल्या पेशंटचा जुना डोस केसपेपरवरून जसाच्या तसा उतरवला जातो, तिथे चूक होते.

खरी फसगत मात्र डोस न बदलता होते. बिडी-सिगारेटच्या धुराने यकृत हे औषध झपाट्याने निकाली काढतं. वॉर्डात बिडी सुटली की आठवड्याभरात रक्तातली पातळी चढते. म्हणून ‘व्यसन आहे का?’ असं मोघम विचारू नका, ‘दिवसाला किती बिड्या?’ असं विचारा. मळलेल्या तंबाखूचा किंवा गुटख्याचा असा परिणाम नाही. करामत धुराची आहे, निकोटिनची नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक), फ्लुवोक्सामिन (नैराश्यावरची गोळी) आणि न्यूमोनियासारखा जंतुसंसर्गही पातळी चढवतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद झाल्यात का, सोडियम उतरलंय का, हेही बघा. जास्त पाण्याने सोडियम उतरतं, आणि घटाघट पाणी पिणारे पेशंट इथे कमी नसतात.

फिटच्या आधी बऱ्याचदा इशारा मिळतो. हातातला चहाचा कप उडतो, चालताना गुडघा अचानक दुमडतो. हे झटके असतात, पण नोंद होते ‘हात थरथरतो’ अशी, आणि कोणीतरी थरथरीवरची गोळी, ट्रायहेक्सिफेनिडिल, वाढवतं. त्याने वाढते फक्त बद्धकोष्ठता. अशा वेळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी देण्याआधी, पातळीसाठी रक्त घ्या. ६०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर सीनियरशी बोलून डोस कमी करा किंवा व्हॅल्प्रोएट हे फिटवरचं औषध जोडा. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला व्हॅल्प्रोएट टाळा. कार्बामाझेपिन हे फिटवरचं दुसरं औषध कोणालाच नको; क्लोझापिनसारखंच तेही पांढऱ्या पेशी कमी करू शकतं, म्हणजे दुहेरी घाला होतो.

फिट आलीच तर कुशीवर वळवा आणि घड्याळ लावा. नातेवाईक कांदा किंवा चप्पल नाकाशी धरतील, तोंडात चमचा घालतील; थांबवा. ५ मिनिटं उलटली तर लोराझेपाम ४ मिग्रॅ शिरेतून सावकाश, ऑक्सिजन आणि अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी ठेवूनच, कारण क्लोझापिनच्या जोडीला ते श्वास मंदावू शकतं.