ब्लॉकचेनवर डेडस्टॉक रजिस्टर: या चुका टाळा

संस्थेतले लॅपटॉप, डेस्कटॉप, स्विच, प्रिंटर यांचं डेडस्टॉक रजिस्टर स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे ब्लॉकचेन या अनेकांकडे प्रती असलेल्या सामायिक नोंदवहीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर, न्यायचं ठरलं की सगळा जोर सॉलिडिटी ही त्याची भाषा शिकण्यावर लागतो. कॉन्ट्रॅक्ट शे-दोनशे ओळींचं असतं, ते बहुतेकांना जमतं. घोळ होतो तो कोडच्या बाहेर, यंत्राचा नंबर चेनवर चढवताना आणि चावी (व्यवहारांवर सही करायचा गुप्त कोड) कोणाच्या हाती द्यायची हे ठरवताना. चेनला वस्तू दिसत नाही. तिला सांगाल ते ती लिहून घेते आणि नंतर खोडू देत नाही.

त्याआधी एक प्रश्न. नोंद करणारा, तपासणारा आणि यंत्रं वापरणारा विभाग एकच असेल तर ब्लॉकचेन नको, स्नाइप-आयटी किंवा जीएलपीआय हे मालमत्ता-नोंदीचे प्रोग्रॅम बसवा, दोन्ही मुक्त स्रोत आहेत. मुख्यालय, शाखा, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा ठेकेदार), भाड्याने यंत्रं देणारी कंपनी आणि भंगार उचलणारा असे वेगवेगळे पक्ष असतील आणि कोणाच्या एकट्याच्या वहीवर बाकीच्यांचा भरवसा नसेल, तरच हा खटाटोप सार्थकी लागतो. तिथेही सगळे पक्ष खरोखर यायला हवेत. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांचं ट्रेडलेन्स हे कंटेनरांचा माग ठेवणारं व्यासपीठ बंद करायची घोषणा नोव्हेंबर 2022 मध्ये झाली. पूर्ण उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही, हेच कारण मर्स्कने दिलं.

सीरियल नंबर जसा आला तसा घेणे

यंत्राची ओळख म्हणून सीरियल नंबरचा केचॅक-256 हॅश (मजकुरापासून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) घ्यायचा आणि मॅपिंगमध्ये, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या किल्ली-नोंद तक्त्यात, तीच किल्ली वापरायची, ही नेहमीची रीत. रीत ठीक आहे. पण तो नंबर आला कुठून, हे कोणी पाहत नाही.

एकच लॅपटॉप घ्या. त्याचा नंबर स्क्रिप्टने बायोसमधून (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधून) वाचता येतो, खोक्यावरचा बारकोड स्कॅन करून घेता येतो, नाहीतर खरेदी विभागाच्या एक्सेलमधून उचलता येतो. बारकोडात नंबराच्या आधी अनेकदा इंग्रजी ‘एस’ असतो. लेनोवोच्या लेबलावर ‘1एस’, मग मॉडेलचा कोड आणि शेवटी खरा नंबर. स्कॅनर शेवटी एंटर मारतो, तो काही प्रोग्रॅममध्ये मजकुरातच शिरतो. एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं, आणि आकड्यांच्या मध्ये एक इंग्रजी ‘ई’ असेल तर पूर्ण नंबर घातांकाच्या रूपात बदलून टाकतं. एका अक्षराचा फरक पडला की हॅश संपूर्ण बदलतो. परिणामी एका लॅपटॉपच्या तीन नोंदी होतात आणि तिन्ही कायमच्या राहतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच करावा लागतो. नंबर साफ करणारं एकच फंक्शन लिहा: मोकळ्या जागा आणि ओळबदल काढणे, सगळी अक्षरं मोठी करणे, माहीत असलेले उपसर्ग छाटणे. हॅश घेणारा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच फंक्शनमधून गेला पाहिजे. एक्सेलमध्ये नंबर पेस्ट करण्याआधी कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. नंतर केलात तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांची वीस यंत्रं निवडा, प्रत्येकाचा नंबर तिन्ही वाटांनी घ्या आणि तिन्ही हॅश जुळतात का पाहा. हे वीसच्या वीस जुळेपर्यंत कॉन्ट्रॅक्ट डिप्लॉय करायचं (चेनवर चढवायचं) नाही.

इथेच आणखी दोन खड्डे आहेत. कंपनीचं नाव आणि नंबर जोडताना ‘एबीआय डॉट एन्कोडपॅक्ड’ हे सॉलिडिटीचं फंक्शन वापरलं तर दोन मजकुरांमधली सीमा पुसली जाते. ‘12’ आणि ‘345’ यांचा हॅश ‘123’ आणि ‘45’ यांच्या हॅशसारखाच येतो. साधं ‘एबीआय डॉट एन्कोड’ वापरा. दुसरा खड्डा पायथनचा. तिथल्या प्रमाण लायब्ररीतला एसएचए3-256 म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनचा केचॅक-256 नव्हे. 2015 मध्ये प्रमाण ठरताना पॅडिंग (मजकुराच्या शेवटी जोडायचे बिट) बदललं, इथेरियम मात्र आधीच्या रूपावर राहिलं. दोन्हींची लांबी सारखीच 32 बाइट, म्हणून चूक डोळ्यांना दिसत नाही.

असेंबल्ड मशीन असलेली लॅब

इथलं चित्र ठरलेलं असतं. लॅबमध्ये चाळीस असेंबल्ड डेस्कटॉप, स्क्रिप्ट फिरते, पहिलं यंत्र नोंदलं जातं आणि दुसऱ्यापासून प्रत्येक व्यवहार ‘आधीच नोंदलेले’ म्हणून फेटाळला जातो. कारण अशा मदरबोर्डांच्या बायोसमध्ये सीरियल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ किंवा ‘डीफॉल्ट स्ट्रिंग’ हा कारखान्यातला मजकूर तसाच पडलेला असतो. चाळीसही यंत्रांचा मजकूर एक, म्हणून हॅशही एक.

कॉन्ट्रॅक्टने इथे आपलं काम चोख केलेलं असतं. पण संध्याकाळपर्यंत यादी चढवायची घाई असलेला माणूस काय करतो? कॉन्ट्रॅक्टमधली ‘रिक्वायर’ची, अट तपासणारी, ओळ काढतो आणि पुन्हा डिप्लॉय करतो. आता चाळीसही व्यवहार यशस्वी होतात, स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं, आणि मॅपिंगमध्ये प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीवर चढून शेवटी एकच यंत्र उरतं. ऑडिटला एकोणचाळीस यंत्रं कमी भरतात. अडवणारी ओळ काढून पुढे जाणं हा या कामातला सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे. ती ओळ अडवते तेव्हा थांबून कारण शोधायचं असतं.

म्हणून सीरियल नंबरला एकमेव ओळख करूच नका. संस्थेचा स्वतःचा डेडस्टॉक क्रमांक असलेलं क्यूआर लेबल यंत्रावर चिकटवा आणि ओळख त्या क्रमांकावरून ठेवा. लेबल झाकणावर नको, चेसिसवर लावा, कारण झाकणं लॅबमध्ये सहज अदलाबदल होतात. सीरियल नंबर दुय्यम रकाना म्हणून राहू द्या आणि तो बदलण्याची सोय ठेवा. वॉरंटीत मदरबोर्ड बदलला आणि तंत्रज्ञाने जुना नंबर नव्या बोर्डात लिहिला नाही, तर लॅपटॉप तोच असूनही नंबर रिकामा येतो. बदलाची घटना इव्हेंट (चेनवरच्या लॉगमधली नोंद) म्हणून नोंदवा, म्हणजे जुना आणि नवा नंबर दोन्ही दिसतात.

आणि हॅश म्हणजे गुप्तता नव्हे. डेलचा सर्व्हिस टॅग, म्हणजे सीरियल नंबर, सात अक्षरांचा असतो. अक्षरं आणि अंक मिळून 36 चिन्हं धरली तरी सगळ्या शक्यता सुमारे 7,800 कोटी होतात, सगळ्यांचे हॅश काढून जुळवून पाहणं हे चांगल्या ग्राफिक्स कार्डाला काही मिनिटांचं काम. नंबर लपवायचाच असेल तर त्यात संस्थेचं गुपित मीठ (सॉल्ट, म्हणजे जादा गुप्त मजकूर) मिसळून हॅश घ्या आणि ते मीठ चेनबाहेर ठेवा.

चावी एकट्याकडे, इनिशियलायझर उघडा राहिलेला

6 नोव्हेंबर 2017 रोजी पॅरिटी कंपनीच्या मल्टिसिग वॉलेटचं (अनेक सह्यांनी उघडणाऱ्या डिजिटल पाकिटाचं) जे झालं ते प्रत्येक नवशिक्याने डिप्लॉय करण्याआधी वाचावं. शेकडो वॉलेटं एकाच सामायिक लायब्ररी कॉन्ट्रॅक्टवर चालत होती. त्या लायब्ररीचं स्वतःचं इनिशियलायझर (सुरुवातीला मालक ठरवणारं) फंक्शन कोणी चालवलंच नव्हतं आणि ते सगळ्यांना उघडं होतं. एका वापरकर्त्याने ते चालवलं, तो मालक झाला, मग त्याने कॉन्ट्रॅक्ट नष्ट करणारं फंक्शन चालवलं. 587 वॉलेटांमधले 5,13,774 ईथर (इथेरियमचं चलन) अडकून पडले. चावी कोणी चोरली नव्हती, कूटलेखन कोणी फोडलं नव्हतं.

तुमच्या रजिस्टरमध्ये ईथर नसतील, पण अपग्रेड करता येणारं कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सीमागे, म्हणजे पत्ता तोच ठेवून आतला कोड बदलू देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टमागे, ठेवताना हीच फट राहते. ओपनझेपेलिन ही तयार कॉन्ट्रॅक्टांची लायब्ररी वापरत असाल तर मूळ कॉन्ट्रॅक्टच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (डिप्लॉय होताना एकदाच चालणाऱ्या भागात) इनिशियलायझर बंद करणारी एक ओळ असते, ती लिहा. प्रॉक्सी डिप्लॉय करणं आणि ती इनिशियलाइझ करणं एकाच व्यवहारात उरका.

ज्याने डिप्लॉय केलं तोच कायमचा मालक, ही तितकीच वाईट सवय. त्याची बदली झाली, लॅपटॉप नियमाप्रमाणे फॉरमॅट झाला, की चावीही गेली आणि रजिस्टर गोठलं. मुख्य अधिकार तीनपैकी दोन सह्यांच्या मल्टिसिगकडे द्या: आयटी प्रमुख, लेखा विभाग, भांडारपाल. रोजच्या नोंदीसाठी वेगळी भूमिका ठेवा. नोकरी सोडणाऱ्याच्या नो-ड्यूज फॉर्मवर ‘चेनवरचा अधिकार काढला’ असा रकाना छापून घ्या. तो रकाना नसेल तर अधिकार काढायचा राहूनच जातो.

हेही सांभाळा

स्थितीच्या इनममध्ये (ठरावीक पर्यायांच्या यादीत) पहिलं मूल्य ‘उपलब्ध’ ठेवू नका. मॅपिंगमध्ये नसलेली किल्ली विचारली तर शून्य येतं, म्हणजे कधीच न घेतलेलं यंत्रही ‘उपलब्ध’ दिसतं. पहिली जागा ‘नोंद नाही’ला द्या.

कर्मचाऱ्याचं नाव, फोन, सेवा क्रमांक चेनवर अजिबात नको. ‘प्रायव्हेट’ लिहिलेला व्हेरिएबलही नोड (चेनची प्रत ठेवणारा संगणक) चालवणाऱ्या कोणालाही वाचता येतो, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाला माहिती पुसून मागण्याचा अधिकार दिला आहे.

सगळी यंत्रं दाखवायला कॉन्ट्रॅक्टमध्ये लूप फिरवू नका. आजची स्थिती स्टोरेजमध्ये, इतिहास इव्हेंटमध्ये, यादी चेनबाहेरच्या इंडेक्समध्ये.

ब्लॉकची वेळ म्हणजे खरेदीची तारीख नव्हे; वॉरंटीसाठी बिलाची तारीख वेगळी ठेवा.

बेसू या इथेरियम प्रोग्रॅमचं खासगी जाळं क्यूबीएफटीवर (नोडांनी मतदानाने ब्लॉक मान्य करायच्या रीतीवर) चालवत असाल तर एक बिघडलेला किंवा दगा देणारा नोड सोसायला किमान चार व्हॅलिडेटर (ब्लॉक मान्य करणारे नोड) लागतात. चारही एकाच खोलीत एकाच यूपीएसवर असतील तर वीज गेली की चारही जातात.

हस्तांतर दोन पायऱ्यांत करा. देणाऱ्याने पाठवलं म्हणून यंत्र घेणाऱ्याच्या नावावर जाऊ नये. घेणाऱ्याने लेबल स्कॅन करून स्वीकारलं तरच जावं, आणि सात दिवसांत स्वीकारलं नाही तर ते देणाऱ्याच्याच नावावर राहावं. कागदावर चार्ज देताना-घेताना दोन सह्या लागतातच, त्या इथेही लागू द्या.

निर्लेखन ही शेवटची स्थिती ठेवा, तिच्यातून मागे येणारी वाट कोडमध्येच नसावी. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे मोठ्या संस्थांनी हा कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायचा आहे. त्याने दिलेल्या प्रमाणपत्राचा हॅश त्या नोंदीला जोडा. हार्ड डिस्कची नोंद मात्र यंत्रापासून वेगळी, तिच्या स्वतःच्या नंबराने ठेवा. भंगारात गेलेल्या डेस्कटॉपमधली डिस्क पुष्कळदा आधीच काढून दुसऱ्या मशीनमध्ये बसवलेली असते, आणि संस्थेचा डेटा असतो तो त्या डिस्कवर.