गिरगावातल्या दोन खोल्यांत पन्नास वर्षांचं पिनबॉल

पहिल्या दिवशी प्लग लावू नका. कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे; आमचा भाचाही प्लग हातात घेऊन उभाच होता. पण पिनबॉलच्या (काचेखालच्या उतारावर पोलादी गोळी बटणांच्या दांड्यांनी, म्हणजे फ्लिपरने, उडवत ठेवायचा खेळ) या मशीनचं वय पन्नास, त्यातली निम्मी वर्षं एका बंद पडलेल्या गेम पार्लरच्या गोदामात गेलेली. आत उंदरांनी काय कुरतडलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं रिले (विजेने आपोआप उघडझाप करणारे स्विच) आणि सिलेक्टर (लाइन निवडणारे स्विच) साफ केले. हे मशीन पाहायला गेलो आणि खालची फळी बघून हसूच आलं. रिलेच्या रांगा, घर-घर सरकणारे स्टेपर, वायरींचे दोऱ्याने बांधलेले जुडगे. अमेरिकेत मयतीचं सामान पुरवणाऱ्या अल्मन स्ट्रोजरला १८९१ मध्ये आपोआप जोडणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट मिळालं, त्याच्याच भाऊबंदांपैकी हे. शिकागोच्या गॉटलिब कंपनीचं, चार खेळाडूंचं, सत्तरच्या दशकातलं. आत एकही चिप नाही. तुमचं मशीन सत्तरच्या दशकाच्या शेवटानंतरचं, सर्किट बोर्डवालं असेल तर आधी बोर्डावरची बॅटरी गळलीय का ते बघा. पुढची वाट माझ्यापेक्षा वेगळी.

तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याने ते चढवायचं तर सुटं करूनच. आधी वरची काच सरकवून काढा, मग आतली गोळी काढून खिशात टाका, नाहीतर उचलताना तीच सगळं फोडते. डोक्याची पेटी बोल्ट काढून वेगळी होते, पण त्याआधी प्रत्येक प्लगचा फोटो घ्या आणि मास्किंग टेपवर खूण लिहून दोन्ही बाजूंना चिकटवा. चार पाय शेवटी. खोली लहान असेल तर दिवाणाला निरोप द्यायची तयारी ठेवा. आमच्या हिने तीन महिने सतरंजीवर झोपून काढले आणि त्याबद्दल अजून ऐकवते.

आता वीज. अमेरिकन मशीन ११५-१२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मरवर निर्यातीसाठीचा २३० च्या आसपासचा टॅप (वायर जोडायची वेगळी जागा) आहे का ते बघा; नसेल तर लोहार चाळीतून ५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. दोन पिनांची जुनी वायर सरळ कापून टाका. तीन पिनांची घालून हिरवी, अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरच्या बॉडीला आणि पैसे टाकायच्या लोखंडी दाराला पक्की जोडा. फ्यूजच्या शेजारी जो आकडा छापलेला आहे, तोच घाला. तांब्याची तार गुंडाळलेला फ्यूज दिसला (आमच्यात दोन दिसले) तर समजा, आधीच्या कारागिराला काहीतरी लपवायचं होतं.

मग दुरुस्तीच्या दुकानात असतो तो सिरीज बोर्ड काढा, १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून; मशीनची वीज या बल्बमधूनच जाते. ट्रान्सफॉर्मरच्या पुढचे सगळे फ्यूज काढून ठेवा आणि मग प्लग लावा. बल्ब क्षणभर लुकलुकून मंद झाला, तर ट्रान्सफॉर्मर ठीक. भक्क पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे, बंद करा. ठीक असेल तर एकेक फ्यूज बसवत जा. दिव्यांच्या फ्यूजला बल्ब बराच उजळेल, तो दिव्यांचाच भार. कॉइलकडची (फ्लिपर वगैरे हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांकडची) वीज गॉटलिबमध्ये साधारण पंचवीस व्होल्ट एसी असते, पण ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे घरचीच वीज खेळते हे डोक्यात ठेवूनच हात घाला.

इथून पुढचे दोन महिने मी कागदाने काम केलं. जाड कागदाची पट्टी, पूर्वी आम्ही लग्नपत्रिकेच्या कापायचो. पानांच्या स्विचच्या (धातूच्या दोन लवचीक पट्ट्या एकमेकींना टेकतात तो) दोन टिकल्यांमध्ये ती सरकवा, बोटाने हलके दाबा, ओढून काढा. काळी रेघ उमटते. रेघ यायची थांबली की पुढचा स्विच. चांदीच्या टिकल्यांना सँडपेपर लावाल तर चांदी जाईल आणि महिन्याभरात पुन्हा काजळी धरेल. फ्लिपरच्या टोकाच्या स्विचची टिकली मात्र टंगस्टनची, कडक. तिला बारीक पॉइंट फाइल (छोटी कानस) चालते. ‘कॉइल गेली’, ‘मोटर गेली’ म्हणून लोक मशीन भंगारात देतात. माझ्या मशीनमध्ये एकच कॉइल खरी गेलेली निघाली, बाकी सगळी काजळी आणि वाकलेली पानं.

ती एक कॉइल का गेली, तेही सांगतो. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची झटका देते, बारीक तारेची नुसतं धरून ठेवते. फ्लिपर वर पोचला की टोकाचा स्विच उघडून बारीक गुंडाळीला मध्ये आणतो. तो स्विच उघडलाच नाही आणि पोराने बटण दाबून धरलं, की जाड गुंडाळी तापून वास सुटतो. म्हणून हाताने फ्लिपर वर ढकलून बघा: टिकल्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट स्पष्ट दिसली पाहिजे.

तेल कुठेही नको. मी बाजारात गेलो होतो तेवढ्यात भाच्याने गंज काढायचा स्प्रे स्टेपरवर आणि प्लंजरवर (कॉइलमध्ये आत-बाहेर होणाऱ्या लोखंडी दांड्यावर) मनसोक्त मारला. आठवडाभरात धूळ बसून त्याची डिंकासारखी लापशी झाली. प्लंजर कोरडाच फिरायचा असतो. आतली नळी पितळी असेल आणि अडकत असेल तर नायलॉनची घाला. स्टेपर मात्र पूर्ण उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनं सुकलेलं ग्रीस काढून, परत जोडावा लागतो. उघडताना स्प्रिंगला किती वेढे होते ते मोजा. मी मोजले नव्हते. एक रविवार त्यात गेला.

प्लेफील्डला, म्हणजे गोळी फिरते त्या रंगीत फळीला, पाणी दाखवू नका. रंग फुगून उचलतो. मेणाच्या पॉलिशचा मऊ फडक्याने हलका हात पुरतो. बॅकग्लासच्या (डोक्याच्या पेटीवरची चित्राची काच) मागचा रंग पापुद्रे सोडत असेल तर पुसायचाही नाही. तिथले दिवे ४७ नंबरचे लावा, ४४ नंबरचे नकोत, त्याच ६.३ व्होल्टवर ४७ चे कमी करंट ओढतात, म्हणून काच कमी तापते. दिवा लागला नाही तर बहुतेक वेळा होल्डर सैल असतो.

रबरी रिंगा परदेशातून मागवाव्या लागतात. नागदेवीत ओ-रिंग मापाला मिळाल्या, बसल्याही, पण गोळी त्यांच्यावर आपटून उडेना. फ्लिपरसाठी तरी काटकसर करू नका. गोळी मात्र नागदेवीतलीच, सव्वा इंचाहून कमी, नेमकी १ १/१६ इंचाची, बेअरिंगची. जुनी खड्डे पडलेली गोळी रंग ओरबाडते, ती पोरांना खेळायला द्या.

आमच्या खोलीची फरशी मोरीकडे उतरती, त्यामुळे पाय टेकले की मशीन डावीकडे झुकलं. पायांच्या बुडाचे स्क्रू फिरवून पाणलेव्हलने आडवं बरोबर करा, मग मागची बाजू उचला. या जुन्या मशीनला साधारण साडेतीन अंशांचा उतार पुरतो. नव्या मशीनसारखा साडेसहा दिलात तर गोळी नुसती धावते. आणि आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेची ६०, म्हणून स्कोअर मोजणारी मोटर जरा रेंगाळते. ती बिघडलेली नाही, तिला छेडू नका.

जून लागला की कॅबिनेटमध्ये १५ वॅटचा बल्ब, कागद-वायरीपासून लांब टांगून, दिवसातून दोन-तीन तास लावतो. कपड्यांच्या कपाटात आई लावायची तसाच. प्लायवुडला वाळवीचं औषध मात्र पावसाआधी, आणि आतून.