जुन्या गाडीचे स्टिअरिंग दुरुस्तीला घेण्यापूर्वीची तयारी

जुन्या गाडीच्या स्टिअरिंगचे चाक उतरवून त्याच्या भेगा भरण्याच्या कामाला हात घालण्यापूर्वी महिना पाहावा. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि भेगा भरण्यासाठी कालवलेली एपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारा लगदा) हातातल्या हातात आळू लागते. पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा इतकी दमट असते की लॅकरवर, म्हणजे वरच्या चकचकीत लेपावर, पांढुरकी झाक उठते. दिवाळीनंतरचा आणि शिमग्यापूर्वीचा काळ सर्वांत सोयीचा. त्यातही सलग पंधरा दिवस गाडीवाचून अडणार नाही याची खात्री करून घ्यावी.

त्यानंतर, पाना हातात घेण्याआधी, समोरचे स्टिअरिंग कशाचे आहे ते ओळखावे. या ओळखीवर पुढचे सगळे अवलंबून असते आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. कडेच्या, म्हणजे हातात धरायच्या गोलाच्या, खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवर अंगठा गरम होईपर्यंत घासून वास घ्यावा. कार्बोलिक साबणासारखा वास आला तर बेकेलाइट (जुने कडक प्लॅस्टिक), गंधकाचा आला तर कडक रबर, आणि खवट लोण्याची आठवण झाली तर ते सेल्युलोजपासून केलेले जुने प्लॅस्टिक असण्याची शक्यता मोठी. या प्लॅस्टिकला थिनर किंवा ॲसिटोन लावू नये. मी एकदा हस्तिदंती रंगाच्या एका स्टिअरिंगवर थिनरने भिजवलेली चिंधी फिरवली होती. मिनिटभरात कड चिकट झाली आणि चिंधीचे उभे-आडवे धागे तिच्यावर कायमचे उमटले. ते घासून काढण्यात दोन रविवार गेले. साफसफाईला कोमट पाणी, भांडी घासण्याच्या साबणाचे चार थेंब, जुना दातांचा ब्रश आणि सुती कापड एवढेच जवळ ठेवावे. स्टिअरिंग पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण भेगांमधून आत गेलेले पाणी थेट लोखंडी सांगाड्याला गंज चढवते.

उतरवण्याच्या तयारीत प्रथम बॅटरीची बॉडीला जोडलेली तार सोडावी. जुन्या काही ब्रिटिश गाड्यांमध्ये बॉडीला धन टोक जोडलेले असते, त्यामुळे केवळ अधिक-उणेच्या खुणेवर न जाता तार कोठे जाते ते डोळ्यांनी पाहावे. पुढची चाके सरळ करावीत, हॉर्नचे बटन काढताना स्प्रिंग आणि वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फोटो घ्यावेत, आणि दांडा (ज्यावर स्टिअरिंग बसते तो) व स्टिअरिंग यांवर मिळून एक बारीक रेघ कोरावी. मधला नट सैल करावा, पण दोन आटे राखून तसाच ठेवावा. पुलरने (घट्ट बसलेला भाग ओढून काढण्याच्या अवजाराने) ओढताना अडकलेले स्टिअरिंग अचानक सुटते आणि नट पूर्ण काढलेला असल्यास ते सरळ हनुवटीवर बसते. हातोडीने ठोकण्याचा मोह टाळावा.

भेगा बहुधा आऱ्या कडेला मिळतात तेथे पडतात, कारण प्लॅस्टिक वर्षानुवर्षे आक्रसत जाते आणि आतले लोखंड मात्र होते तेवढेच राहते. म्हणून भेगेवर वरवर लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) फासून उपयोग होत नाही. हॅक्सॉच्या पात्याने भेग लोखंडापर्यंत इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उघडावी लागते, गंज खरवडावा लागतो, आणि मगच दोन भाग समप्रमाणात मळून लावण्याची एपॉक्सी दाबून भरावी लागते. गाडीच्या पत्र्यावर लावतात ती पॉलिएस्टर लांबी येथे नको. स्टिअरिंग हाताखाली किंचित वाकते आणि ती पुन्हा तडकते. एपॉक्सी थोडी वर फुगवून भरावी आणि पाकिटावर काहीही लिहिलेले असले तरी चोवीस तास तिला हात लावू नये. पॉलिश पेपर ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचे आणावेत, मास्क आणावा, आणि शेवटचे घासणे पाणी लावूनच करावे, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) घालून मारायचा रंग स्वतः बंद खोलीत मारू नये. ते काम पेंटिंगच्या गॅरेजला द्यावे.

कड लाकडी असेल तर मिरज जवळ आहे आणि सतारमेकर गल्लीत लाकडावर हात फिरवणारी माणसे आहेत, हे खरे. चपड्याचे (लाखेचे) पॉलिश तंबोऱ्यावर देखणे दिसते, मात्र तळहाताच्या घामापुढे ते टिकत नाही. स्टिअरिंगला वरून टिकाऊ व्हार्निशच हवे.

लोखंडी सांगाडा गंजून खाल्ला गेला असेल किंवा आऱ्याचा सांधा तुटला असेल, तर यादी येथेच थांबवावी आणि ते स्टिअरिंग भिंतीवर टांगावे. सांगाडा धड असेल, तर परत बसवण्यासाठी नवा लॉक वायसर (नट सैल होऊ न देणारी चकती) आधीच आणून ठेवावा. बसवताना कोरलेली रेघ जुळवावी. दांड्यावरच्या खाचांचा एक दाता जरी चुकला तरी आरे तिरके दिसतात आणि वळण संपल्यावर इंडिकेटर वेळेवर बंद होत नाही.