सकाळी स्टार्टर नुसता कट कट करायचा, दोष बॅटरीचा नव्हताच

पावस ते रत्नागिरी रोजचं जाणं-येणं, गाडी २००७ची छोटी पेट्रोल. जुलैत सकाळी चावी फिरवली की नुसतं कट कट, दिवे मंद, आणि धक्का मारला की लगेच चालू. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला लावली, बदलली, आठ दिवसांनी परत तेच! आता म्हणे स्टार्टर बदला. म्हटलं थांबा, आधी मी बघतो.

मल्टीमीटर लावला, बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला आणि भावाला सेल्फ मारायला सांगितला, तर १.९ व्होल्ट! तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त धरतात. म्हणजे करंट अर्थिंगमध्येच, बॅटरीच्या मायनसपासून बॉडी-इंजिनपर्यंतच्या जोडणीत, अडत होता.

बॉडीला जिथे अर्थिंगची वायर बोल्टने धरलीये तो बोल्ट खोलला तर खाली हिरवी पूड, वायरच्या टोकाच्या तारा काळ्या पडून हातात तुटल्या. आपल्याकडची खारी हवा, त्यात भाट्याच्या पुलावरचा वारा आणि चार महिने पाऊस, दुसरं काय होणार. नवीन जाड वायर टाकली, बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, टर्मिनल गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतले, सुकवून घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन. काढताना मायनस आधी, लावताना शेवटी, हे विसरू नका.

आता ०.२ दाखवतंय, पहिल्या सेल्फला उठते. किनाऱ्यावर राहत असाल तर मेमध्येच एकदा तो बोल्ट खोलून बघा.